तरंगत्या आमिषाने ब्लूगिल कसा धरावा

ब्लूगिल हा गोड्या पाण्यातला छोटा मासा. तो पाण्याच्या वरच्या थरात गळाला लावायचा असेल तर दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. आमिष (इथे फोम किंवा कॉर्कचा नकली किडा) लहान हवं, आणि ते पाण्यावर पडलं की हात थांबायला हवा. अमेरिकेत न्यू जर्सी, इलिनॉय, मिशिगन, टेक्सस, कुठेही राहत असाल तरी जवळच्या पार्कातल्या तळ्यात हा मासा बहुधा असतोच. अनेकांचा आयुष्यातला पहिला मासाही हाच असतो, पण तो गांडूळ आणि लाल-पांढऱ्या फ्लोटवर मिळालेला. त्याच तळ्यात तरंगतं आमिष टाकलं, तर मासा येताना, आमिषाखाली थबकताना आणि ते आत ओढून घेताना डोळ्यांनी दिसतो. फ्लोटच्या मासेमारीतल्या सवयी मात्र इथे नडतात, म्हणून हे सविस्तर.

मासा कोणता, आणि वर कोण येतो

पॅनफिश म्हणजे अख्खा तव्यात मावेल असा छोटा खाण्याजोगा मासा. त्यात सनफिश कुळातले बरेच भाऊबंद येतात. ब्लूगिल ओळखायची खूण म्हणजे कल्ल्याच्या झाकणाला मागे असलेली काळी पाकळी, जिला कोणत्याही रंगाची किनार नसते. शिवाय पाठीच्या परावर मागच्या मऊ भागात एक काळसर डाग आणि अंगावर उभे फिकट पट्टे असतात. पंपकिनसीडच्या पाकळीच्या टोकाला नारिंगी-लाल ठिपका असतो आणि गालावर निळ्या नागमोडी रेषा. ग्रीन सनफिशचं तोंड मोठं आणि स्वभाव आडदांड, म्हणून दगडांच्या काठाला पहिला झटका बरेचदा तोच देतो. पूर्वेकडच्या नद्या-ओढ्यांतला रेडब्रेस्ट तरंगत्या आमिषाला फार छान येतो.

रेडइअर सनफिशकडून वर येण्याची अपेक्षा ठेवू नका. तो तळाशी गोगलगायी फोडून खातो. क्रॅपी उन्हाळ्यात अंधार पडता पडता कधीतरी वर येतो, यलो पर्च जवळजवळ कधीच नाही. आणि लार्जमाउथ बास हा मोठ्या तोंडाचा शिकारी मासा आगंतुकासारखा येणार हे धरूनच चाला.

सहा ते आठ इंचांचा ब्लूगिल नेहमीचा, नऊ इंचांचा मोठा, दहाच्या पुढचा दुर्मीळ. विश्वविक्रम आहे ४ पौंड १२ औंसांचा. तो १९५० साली अलाबामातल्या केटोना तळ्यात मिळाला आणि अजून कुणी मोडलेला नाही.

तो खातो कसा

हे समजलं की पुढच्या निम्म्या चुका टळतात. ब्लूगिल चावत नाही, शोषतो. तोंड पुढे काढून झटकन उघडतो आणि पाण्याच्या लोटाबरोबर किडा आत खेचतो. हे तोंड इतकं लहान असतं की सात इंचांच्या माशाच्या तोंडात करंगळीचं टोक जेमतेम शिरेल. त्यात न मावणारं आमिष तो कडेनं पकडतो, चाचपतो आणि सोडतो.

दुसरं म्हणजे तो जागच्या जागी तरंगत राहू शकतो. उंच, चपटं शरीर आणि छातीचे लांब पर यामुळे तो आमिषाच्या चार-पाच इंच खाली येऊन स्थिर उभा राहतो आणि निरखून बघतो. बास हल्ला करतो, ब्लूगिल तपासणी करतो. म्हणून आमिषाची हालचाल त्याला जवळ बोलावते, पण तोंड उघडायला लावतो तो हालचालीनंतरचा थांबा.

हंगाम आणि वेळ

पाण्याचं तापमान साधारण ६५ अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे १८ अंश सेल्सिअसच्या वर गेलं की वरची मासेमारी जमू लागते. ७० ते ८० अंश हा सगळ्यांत चांगला टप्पा. टेक्सस आणि फ्लोरिडात हा काळ मार्च-एप्रिलपासून सुरू होतो, न्यू जर्सी-इलिनॉयमध्ये मेच्या मध्यापासून, मिनेसोटा-मिशिगनमध्ये जून उजाडतो. एक स्वस्त थर्मामीटर दोरीला बांधून ठेवा. कॅलेंडरपेक्षा त्याच्यावर भरवसा ठेवणं बरं, कारण एखादा थंड आठवडा सगळं गणित पुढे ढकलतो.

पाणी ६७-६८ अंशांवर गेलं की नर उथळ पाण्यात शेपटीने रेती-खडी साफ करून बशीसारखी खोलगट घरटी करतात, एकाला लागून एक, कधी पन्नासाच्या वर. पोलराइज्ड चष्मा लावला तर एक ते चार फूट पाण्यात फिकट गोल वर्तुळं स्पष्ट दिसतात. या काळात नर घरट्यावर आलेल्या कशालाही तोंड घालतात, त्यामुळे मासे मिळणं सोपं असतं. पण याबद्दल पुढे एक आग्रहाची सूचना आहे.

भर उन्हाळ्यात पहाट आणि सूर्यास्ताआधीचे दोन तास एवढीच वेळ खरी. दुपारी पाणी ८५ अंशांच्या पुढे गेलं की मोठे मासे खोल पाण्यात किंवा दाट सावलीत जातात आणि काठाला उरतात ती तीन इंचांची पिल्लं. वारा पडलेला असावा. हलकी शिरशिरी चालते, पण लाटा उठल्या की आमिष नुसतं उड्या मारत राहतं आणि माशाला ते निरखता येत नाही. अशा वेळी वाऱ्याच्या आडोशाचा काठ धरा.

जून-जुलैत ग्रेट लेक्सच्या टापूत हेक्साजेनिया नावाची मोठी मेफ्लाय (एक पंखवाला किडा) संध्याकाळी पाण्यातून वर निघते. त्या आठवड्यात ब्लूगिल वरच्याच पाण्यात असतात. सिकाडांचंही, म्हणजे झाडांवर किर्र आवाज करणाऱ्या मोठ्या किड्यांचंही, तसंच. इलिनॉयमध्ये २०२४ साली १३ वर्षांची आणि १७ वर्षांची अशा दोन झुंडी एकाच हंगामात निघाल्या होत्या. असं वर्ष आलं की काळं, जरा जाड फोमचं आमिष जवळ ठेवावं. एरवी मोठ्या आमिषाच्या वाटेला न जाणारा ब्लूगिलही तेव्हा धीट होतो.

परवाना

परवाना राज्याचा असतो आणि ऑनलाइन मिळतो. न्यू जर्सीत १६ वर्षांपासून, टेक्ससमध्ये १७ वर्षांपासून लागतो. त्याखालच्या मुलांना लागत नाही, पण मुलाच्या नावाखाली तुम्ही रॉड हातात धरलात तर तुम्हाला लागतोच. बऱ्याच राज्यांत जूनच्या सुमारास एक-दोन दिवस विनापरवाना मासेमारीची मुभा असते. पार्कातल्या काही तळ्यांवर ‘पकडा आणि सोडा’ एवढीच परवानगी असते, म्हणून फाटकावरचा फलक वाचावा.

सामान: फ्लाय रॉड

वजन नसलेलं आमिष लांब आणि अलगद टाकायचं असेल तर फ्लाय रॉडला तोड नाही, कारण इथे वजन दोरीत असतं. आठ ते नऊ फुटांचा चार किंवा पाच वजनाचा रॉड घ्या (हा नंबर रॉड किती वजनाच्या दोरीसाठी आहे ते सांगतो). तीन वजनाच्या रॉडवर मासा खेळवायला मजा येते खरी, पण हवेला अडणारा पॉपर (ओढला की आवाज करणारं आमिष) तो नीट पुढे टाकत नाही आणि दोरी मधेच कोसळते. नवशिक्याने पाचच घ्यावा. दोरी तरंगणारी, पुढे जाड असलेली, म्हणजे वेट फॉरवर्ड जातीची. रील फक्त दोरी गुंडाळण्यापुरतं लागतं, त्यावर पैसे घालू नका.

लीडर, म्हणजे जाड दोरी आणि आमिष यांच्या मधला बारीक दोरा, आखूड ठेवा, सात-साडेसात फूट. ट्राउटवाले नऊ-बारा फुटांचा लावतात, पण पॉपर तेवढ्या लांब लीडरच्या टोकाला उलगडत नाही आणि दोरीवरच गोळा होऊन पडतो. विकतचा साडेसात फुटी ४एक्स लीडर पुरतो (एक्सचा आकडा मोठा तितकं टोक बारीक). घरी करायचा असेल तर साध्या नायलॉन मोनोफिलामेंटचे तीन तुकडे जोडा: २० पौंडी ३ फूट, १२ पौंडी २ फूट, ६ पौंडी २ फूट. जोडायला डबल सर्जन गाठ, घट्ट करण्यापूर्वी थुंकीने ओली केलेली. फ्लुरोकार्बन इथे नको. ते पाण्यात बुडतं आणि लहान आमिषाचं नाक खाली ओढतं.

आमिषाला इम्प्रूव्हड क्लिंच गाठ चालते. पॉपरला मात्र न आवळणारा फास, म्हणजे नॉन-स्लिप लूप, जास्त चांगला, कारण आमिष फासात मोकळं डोलतं.

सामान: साधा स्पिनिंग रॉड

फ्लाय रॉड नसेल तरी अडत नाही. पाच-साडेपाच फुटांचा अल्ट्रालाइट रॉड, लहान रील आणि ४ पौंडी मोनो दोरी एवढं पुरे. रेबेल कंपनीचा क्रिकहॉपर नावाचा छोटा नाकतोडा तरंगतो, रील न फिरवता नुसता थरथरवत ठेवला की काम करतो. त्याच कंपनीचा टीनी पॉप-आर मोठ्या ब्लूगिलला चालतो. या आमिषांचे तिकाटी गळ मात्र लहान तोंडात अडकतात आणि काढताना माशाचे हाल होतात. ते काढून मागे एकच साधा गळ लावावा, आणि त्याच्या टोकाजवळचे उलटे दाते पक्कडीने दाबून टाकावेत.

याहून उत्तम उपाय म्हणजे कास्टिंग बबल. हा पारदर्शक प्लास्टिकचा पोकळ फ्लोट असतो आणि त्यात पाणी भरता येतं. मुख्य दोरी बबलमधून ओवा, मग एक लहान मणी, मग छोटा स्विव्हल (दोन टोकांना कड्या असलेला फिरता जोड) बांधा. स्विव्हलच्या दुसऱ्या कडीला ४ पौंडी मोनोचे तीन-चार फूट आणि टोकाला फ्लाय रॉडचंच फोमचं आमिष. बबल अर्धा पाण्याने भरला की फेकायला वजन मिळतं. पूर्ण भरू नका, बुडेल. जागेच्या पाच-सहा फूट पुढे टाका, हळू रील फिरवून दोरा सरळ करा आणि थांबा. मासा लागला तर रॉड झटकू नका, रील दोन वेढे भराभर फिरवा. बबलचं वजन मधे असल्याने झटका गळापर्यंत पोचतच नाही. आठ-दहा वर्षांच्या मुलाला पहिल्याच संध्याकाळी हे जमतं. चष्मा किंवा गॉगल मात्र सगळ्यांनी घालायचा, कारण सुटलेलं आमिष थेट तोंडावर येतं.

आमिष

गळाचा नंबर जितका मोठा तितका गळ लहान, हे लक्षात ठेवा. ब्लूगिलसाठी १० नंबर हा नेहमीचा. सगळे मासे मोठे असतील तर ८, फार निरखत असतील तर १२. दुकानात ६ नंबरचे देखणे पॉपर पॅनफिशच्या नावाखाली विकतात. ते बासला घालावेत.

पॉपर म्हणजे पुढून खोलगट तोंडाचा कॉर्क किंवा कठीण फोमचा तुकडा, ओढला की ‘पॉप’ असा आवाज करतो. स्लायडर पुढून निमुळता, आवाज न करता घसरतो. तिसरा प्रकार मऊ फोमचा रबरी पायांचा कोळी किंवा भुंगा. एकच घ्यायचा तर माझ्या मते हा तिसरा. तो पडताना आवाज करत नाही आणि तोंडात गेला तर माशाला मऊ लागतो, त्यामुळे तो क्षणभर जास्त धरून ठेवतो. कठीण पॉपर तो लगेच थुंकतो. पॉपरचा उपयोग संध्याकाळी उजेड गेल्यावर किंवा पाणी गढूळ असताना, आवाजाने मासा जवळ आणायला.

पिवळा, पोपटी, पांढरा, काळा एवढे रंग भरपूर झाले. पोपटी आणि पांढरा तुम्हाला दुरून दिसतो, अंधारात काळ्याची आकृती माशाला आभाळाच्या उजेडावर नीट दिसते. रंगापेक्षा आकार दहापट महत्त्वाचा आहे.

घरी करायचा तर असा. साहित्य म्हणजे हस्तकलेच्या दुकानात मिळणारा २ मिलिमीटर जाडीचा फोम, १० नंबरचे जरा लांब दांडीचे गळ, बारीक पण मजबूत दोरा, रबरी पाय आणि सुपरग्लू. फोमची २५ मिलिमीटर लांब, ५ मिलिमीटर रुंद पट्टी कापा आणि एक टोक निमुळतं करा. गळ व्हाइसमध्ये (घट्ट धरणाऱ्या शिकंजात) पकडून दांडीवर दोऱ्याचे दाट वेढे घ्या, कारण उघड्या धातूवर फोम टिकत नाही, फिरतो. वेढ्यांवर थोडी लोकर गुंडाळली की पोट तयार. दोरा गळाच्या डोळ्यामागे (दोरी ओवायच्या कडीमागे) ४ मिलिमीटरवर आणून थांबवा. आता दांडीच्या वरच्या बाजूला सुपरग्लूचा एक थेंब, त्यावर पट्टी ठेवा, निमुळतं टोक मागे, पुढे डोक्यापुरते ४ मिलिमीटर. पहिले दोन वेढे सैल, मग हळूहळू आवळा. पहिल्याच वेढ्यात जोर लावला तर दोरा फोम कापून आरपार जातो. त्याच कमरेवर दोन्ही बाजूंना एकेक रबरी पाय मधोमध बांधा म्हणजे चार टोकं होतात, गाठ मारा, खालून ग्लूचा एक थेंब द्या.

दोन गोष्टी तपासा. फोम गळाच्या वरच राहिला पाहिजे. टोक आणि दांडीमधली फट त्याने भरली तर गळ रुतायला जागाच उरत नाही, आणि विकतच्या कित्येक पॉपरांत हाच दोष असतो. आणि पाय दीड-दोन सेंटिमीटरहून लांब नकोत. लांब पाय हलतात सुंदर, पण मासा पायच ओढतो. विकतच्या आमिषांचे पाय पाण्यावर जाण्यापूर्वीच कात्रीने छाटावेत. त्यांच्या गळाचा डोळाही रंगाने बुजलेला असतो, तो दुसऱ्या गळाच्या टोकाने मोकळा करून न्यावा, नाहीतर काठावर अंधारात तेच करत बसाल.

स्पंजचे कोळी पाणी पितात आणि हळूहळू बुडतात. तीन-चार फेकींनंतर बोटांत पिळून घ्या. बंद छिद्रांच्या फोमला हा त्रास नाही.

जागा

तळ्याच्या मधे फेकायची हौस आवरा. ब्लूगिल असतो तो कडेला: पाणवनस्पतींच्या किनारीला, कमळाच्या पानांमधल्या फटींत, लाकडी धक्क्याच्या सावलीत, पडलेल्या झाडाभोवती. पाण्यावर झुकलेल्या फांद्यांखाली दिवसभर किडे पडत असतात, म्हणून तिथला मासा वर बघायला सरावलेला असतो. तुतीचं झाड असेल तर आधी तेच गाठा. मोठे मासे उथळ जागेच्या मध्यात नसतात. उथळ पाणी जिथे अचानक खोल होतं त्या कडेवर ते थांबतात.

काठापर्यंत धपाधप चालत जाऊ नका. पाच-सहा फूट मागे थांबून पहिली फेक काठाला समांतर करा, कारण पायाखालच्या दोन फूट पाण्यातच बरेचदा एखादा मोठा मासा असतो आणि बहुतेक लोक त्याला उडवून लावून मग दूर फेकतात. सावली पाण्यावर पडू देऊ नका. मागे झाडी असेल तर रोल कास्ट शिका. त्यात दोरी मागे जात नाही, पाण्यावरूनच पुढे गुंडाळली जाते. पूर्वेकडच्या राज्यांत काठावरच्या गवतात टिक, म्हणजे गोचिड्या, असतात आणि त्यांच्यापासून लाइम रोग होतो. पँट मोज्यांत खोचा, घरी गेल्यावर मुलांच्या कानामागे आणि काखेत तपासा. तीन-तीन पानांच्या वेलींना हात लावू नका, ती पॉइझन आयव्ही असू शकते आणि अंगावर खाज उठते.

फेकल्यावर काय करायचं

आमिष पानांच्या कडेपासून फूटभरावर पडलं. लगेच रॉडचं टोक खाली आणा, पाण्यापासून सहा इंचांवर, आणि डाव्या हाताने सैल दोरी ओढून घ्या, आमिष न हलवता. आता काही करायचं नाही. पडताना उठलेली वर्तुळं विस्तारून पूर्ण विरेपर्यंत थांबायचं, मनात दहापर्यंत मोजत. निम्मे मासे याच थांब्यात येतात. पडण्याच्या आवाजाने मासा आधी दचकून फूटभर मागे जातो, मग वळून बघायला येतो. त्याला परत यायला वेळ द्यायला हवा.

कुणी घेतलं नाही तर दोरी बोटाने एवढीच ओढा की पाय थरथरतील, आमिष जागचं सरकणार नाही. पुन्हा पाच-सात सेकंद थांबा. मग दोन इंचांची एक ओढ, पॉपर असेल तर बारीक ‘पॉप’. पुन्हा थांबा. ओढ हाताने द्यायची, रॉडने नाही. रॉड उचलून पॉप केला की तो खाली आणताना दोरीला ढील पडते, आणि मासा नेमका त्याच क्षणी घेतो. अशा चार-पाच ओढींत आमिष कडेपासून तीन फूट लांब आलं की उचला आणि पुन्हा कडेला टाका. त्यापुढे ओढत आणण्यात अर्थ नाही.

चष्म्यातून बघत असाल तर आमिषाखाली काळसर सावली येऊन थांबलेली दिसेल. इथे हात शिवशिवतो, ओढावंसं वाटतं. ओढू नका. सावली स्थिर असेल तर फक्त एक थरथर द्या आणि थांबा. ती वर सरकते, ओठ मिटकावल्यासारखा ‘पच्’ आवाज येतो, आमिष असतं तिथे एक लहानसं भोवऱ्यासारखं वर्तुळ उरतं. आमिष दिसेनासं झालं की मगच मनगटाने रॉड फूटभर उचला, जोडीने डाव्या हाताने दोरी ओढा. आवाजावर झटकलंत तर आमिष रिकामं हवेत येईल, बहुतेक वेळा मागच्या झाडात जाईल. ब्लूगिलला जोराची हिसका-हिसकी लागत नाही, धारदार गळ नुसत्या ताणाने रुततो. नखावर टोक ओढून बघा. घसरत असेल तर कानशीने दोन हात द्या.

लागलेला मासा अंग आडवं करून गोल गोल फिरतो आणि आकाराच्या मानाने फार जोर लावतो. त्याला लगेच त्याच्या सोबत्यांपासून बाजूला काढा. त्याच जागेत धडपडत राहिला तर बाकीचे मासे सावध होतात.

बिघडतं कुठे

‘पच्’ आवाज येतो पण मासा लागत नाही, ही सगळ्यांत मोठी तक्रार. क्रमाने तपासा: पाय लांब आहेत का, आमिष मोठं आहे का, दोरीत ढील आहे का, तुम्ही घाई करताय का. बहुतेक वेळा पहिल्या दोन कारणांतच उत्तर सापडतं. १० नंबर काढून १२ लावा, झटके तेवढेच येतील पण मासे लागतील.

मासा येतो, बघतो आणि वळून जातो, तेव्हा टिपेट (लीडरचं शेवटचं बारीक टोक) जाड आहे किंवा दोरी आमिषाला हळूच वाहून नेते आहे. ५एक्सचं दोन फूट टिपेट जोडा. तरीही तेच झालं तर आमिषाच्या गळाच्या वळणाला १२ ते १८ इंच टिपेट बांधून खाली १२ नंबरची छोटी निंफ (पाण्यातल्या अळीची बुडणारी नक्कल) लावा. वरच्या आमिषाने मासा आकर्षित होतो आणि बुडत जाणारी निंफ घेतो. वरचं आमिष कडेला सरकलं किंवा दबलं की उचला. मोठे ब्लूगिल या जोडणीवर जास्त मिळतात. गुंता मात्र होतो, म्हणून फेक मोठ्या मोकळ्या वळणाने करा, आणि राज्यात एका दोरीवर किती गळ चालतात ते नियमात बघून घ्या.

दोन-तीन मासे मिळाले आणि मग सामसूम, तर ती जागा पंधरा मिनिटं सोडा. परत येताना पॉपर काढून कोळी लावा. आवाजाला सावध झालेले मासे मुक्या आमिषाला पुन्हा येतात.

फक्त पिल्लंच लागत असतील तर तुम्ही फार काठाशी आणि फार भराभर मासेमारी करताय. पिल्लं धाडसी आणि चपळ असतात, हलणाऱ्या आमिषावर तीच आधी पोचतात. खोल कडेवर फेका, थांबा दुप्पट करा.

टिपेटला पीळ पडत असेल तर आमिष हवेत गरगरतंय, म्हणजे फोम तिरका बांधला गेलाय किंवा पाय दोन्ही बाजूंना सारखे नाहीत. टिपेट आखूड करून काम भागतं, पण ते आमिष डब्यातून काढूनच टाकावं.

आणि बास लागला तर ओढाताण करू नका. रॉड वाकलेला ठेवा, पळाला तर बोटांतून दोरी जाऊ द्या. ६ पौंडी टिपेटवर दोन पौंडांचा बास आरामात येतो, फक्त पाणवनस्पतींत शिरू देऊ नका.

गळ काढणं, सोडणं, ठेवणं

हात आधी पाण्यात भिजवा. पाठीच्या परात टोकदार काटे असतात, म्हणून तळवा डोक्याकडून शेपटीकडे सरकवत काटे चपटे करून मासा धरा. उलटा हात गेला तर टोचणारच. गळ खोल गेला असेल तर बोटं घालू नका. सर्जनची पातळ लांब चिमटी, म्हणजे हेमोस्टॅट, गळाच्या दांडीला धरून मागे दाबा. दाते दाबलेला गळ लगेच निघतो. अगदीच खोल असेल तर टिपेट तोंडाशी कापा आणि मासा सोडा.

घरट्यावर लागलेला नर तिथेच, ताबडतोब सोडायचा. तो अंड्यांना पंख्यासारखं पाणी घालतो आणि राखण करतो. तो गेला की दुसरे सनफिश मिनिटांत घरटं साफ करतात. यापुढेही एक कारण आहे. तळ्यातले मोठे नर उचलले गेले की लहान नर वाढणं सोडून लवकर वयात येतात, आणि काही वर्षांत ते तळं चार-पाच इंची माशांनी भरून जातं. म्हणून खायला सहा ते साडेसात इंचांचे ठेवा आणि नऊ इंचांचे परत पाण्यात. बादलीत मोजून वाहवा मिळवण्याची जी पद्धत आहे, तिने चांगली तळी वाया गेली आहेत, हे स्पष्ट सांगायला हवं.

जिवंत मासे एका तळ्यातून दुसऱ्यात कधीही नेऊ नका. बऱ्याच राज्यांत तो गुन्हा आहे, आणि परिणाम कुठवर जातात याचं उदाहरण जपानात आहे. १९६० साली शिकागोच्या महापौरांनी तेव्हाचे युवराज अकिहितो यांना भेट दिलेले ब्लूगिल पुढे बिवा सरोवरात पोचले आणि तिथल्या मूळ माशांवर उठले. २००७ साली सम्राट अकिहितो यांनी त्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला.

खायला ठेवलेला मासा लगेच बर्फात घाला. कोणत्या तळ्यातले मासे किती खावेत याची सूचना राज्य सरकार प्रसिद्ध करतं, ती आधी वाचा. घरी चमच्याच्या कडेने शेपटीकडून डोक्याकडे खवले काढा, डोकं तिरकं कापा, पोट साफ करा. पाठीच्या परालगत दोन्ही बाजूंनी सुरी फिरवून पर शेपटीकडून डोक्याच्या बाजूला ओढला की त्याची आतली हाडंही सोबत निघतात. अंगावर तीन-तीन तिरक्या चिरा द्या, म्हणजे बारीक काटे कुरकुरीत होतात. सहा माशांना अर्धा चमचा हळद, दोन चमचे तिखट, एक चमचा आलं-लसणाचं वाटण, दोन चमचे कोकमाचं आगळ आणि मीठ लावून वीस मिनिटं ठेवा. अर्धी वाटी बारीक रव्यात दोन चमचे तांदळाचं पीठ मिसळून त्यात घोळवा आणि मध्यम आचेवर, तेल सढळ ठेवून, दोन्ही बाजू चार-चार मिनिटं तळा. मांस पांढरं आणि गोडसर असतं, म्हणून तिखटाचा हात सुरमईपेक्षा हलका ठेवावा. पहिल्यांदा उलटताना घाई केली तर रव्याचं कवच तव्याला चिकटून राहतं. कडा तांबूस होईपर्यंत त्याला हलवू नका.